क्यूबीसाठी टीम मोडावी का? मायामी डॉल्फिन्स २०१९ ची पूर्ण केस

३१ ऑगस्ट २०१९. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, सीझन सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरलेला आणि मायामी डॉल्फिन्सने आपला लेफ्ट टॅकल लॅरेमी टन्सिल ह्यूस्टन टेक्सन्सला देऊन टाकला. सोबत केनी स्टिल्स हा रिसीव्हरही, म्हणजे पास झेलणारा, गेला. टन्सिल तेव्हा २५ वर्षांचा होता, आणि लेफ्ट टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या (क्यूबी, म्हणजे बॉल फेकून अटॅक चालवणारा) पाठीमागून येणारा धक्का अंगावर घेणारा माणूस, असा चांगला माणूस मिळायला टीम्स वर्षानुवर्षं शोधत असतात. तो या लोकांनी हातात असताना सोडला. बदल्यात ह्यूस्टनकडून मिळाले २०२० आणि २०२१ चे पहिल्या राउंडचे पिक (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये कॉलेजचा प्लेयर निवडायचा हक्क), २०२१ चा दुसऱ्या राउंडचा पिक आणि भरीला दोन प्लेयर. त्या दिवशी सगळ्यांना कळलं की मायामी यावर्षी जिंकायला उतरतच नाहीये.

आणि हे सगळं कशासाठी, तर अलाबामा युनिव्हर्सिटीत खेळणाऱ्या टुआ टागोवायलोआ नावाच्या एका पोरासाठी, निदान फॅन्सच्या डोक्यात तरी तसंच होतं. "टँक फॉर टुआ" (टँक म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम हरणं) ही घोषणा सीझनच्या आधीपासूनच फिरत होती. मॅनेजमेंटने ती कधी उच्चारली नाही, पण जे चाललं होतं ते त्या घोषणेला अगदी शोभेल असंच.

ज्यांना एनएफएल फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. तिथे खालच्या टीमला लीगमधून बाहेर काढत नाहीत, ३२ टीम्स त्याच राहतात. उलट जी टीम सगळ्यात वाईट खेळते तिला पुढच्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळतो, कॉलेजमधून येणाऱ्या प्लेयर्सपैकी कोणीही उचल. आयपीएलमध्ये शेवटचा नंबर आला तर ऑक्शनला काही जास्तीचे पैसे मिळत नाहीत, पर्स सगळ्यांची सारखीच. इथे मात्र हरण्याला बक्षीस आहे आणि ते बक्षीस छोटं नाही, कारण २०११ च्या करारापासून नवीन प्लेयरचा पगार ठरवून दिलेला आहे. २०१० ला सॅम ब्रॅडफर्ड पहिला पिक होता तर त्याला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटन पहिला पिक होता तर चार वर्षांचे २ कोटी २० लाख. म्हणजे चांगला क्यूबी ड्राफ्टमध्ये गावला तर पहिली चार वर्षं तो स्वस्तात खेळतो आणि सॅलरी कॅपमधले (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) उरलेले पैसे बाकी टीमवर उधळता येतात. रीबिल्डचं, म्हणजे टीम मोडून नव्याने बांधण्याचं, सगळं गणित या एका फटीवर उभं आहे, बाकी भाषणं काहीही होऊ देत.

आता मायामी या टोकाला का आली ते बघू, कारण माझ्या मते त्यांचं दुखणं खरं होतं, फक्त औषध घेताना गडबड झाली.

डॅन मरिनो १९९९ च्या सीझननंतर रिटायर झाला. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये तो २७ व्या नंबरला मिळाला होता, म्हणजे या फ्रँचायझीचा सगळ्यात मोठा क्यूबी हरून मिळालेलाच नव्हता, हे जाता जाता लक्षात ठेवा. त्याच्यानंतर डझनावारी लोक ट्राय करून झाले. २००६ मध्ये क्यूबी ड्रू ब्रीस फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही टीमला घेता येईल असा, होता पण खांद्याचं ऑपरेशन झालेलं, मायामीच्या डॉक्टरांना खांदा पटला नाही म्हणून त्याला सोडून डाँटे कल्पेपरला आणलं. कल्पेपर त्या सीझनला चार मॅच खेळला. ब्रीस न्यू ऑर्लिन्सला गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला, तेही कुठे तर मायामीच्याच स्टेडियममध्ये. हा घाव तिथल्या फॅन्सना अजून दुखतो आणि पुढे टुआच्या वेळी दुखापतीकडे बघताना हाच घाव डोक्यात असणार असं मला तरी वाटतं.

बरं, टीम अगदी टाकाऊ होती का, तर तसंही नाही. २००९ ते २०१८ या दहा सीझनमध्ये फक्त एकदा, २०१६ ला, दहा मॅच जिंकल्या. बाकी वर्षी ६, ७ नाहीतर ८. प्लेऑफमधला शेवटचा विजय २००० च्या सीझनचा. ना वर ना खाली. दरवर्षी ड्राफ्टमध्ये मधला नंबर यायचा, तिथे बरा डिफेन्सवाला मिळतो, पण हमखास म्हणावा असा क्यूबी त्याआधीच गेलेला असतो. यालाच तिकडचे लोक मधल्या चिखलात रुतणं म्हणतात आणि मालक स्टीफन रॉस त्याला वैतागला होता. २०१८ ला ७-९ (सात जिंकल्या, नऊ हरल्या) झाल्यावर ३१ डिसेंबरला कोच ॲडम गेसला काढलं, माइक टॅनेनबॉमला बाजूला केलं आणि जनरल मॅनेजर क्रिस ग्रिअरच्या हातात सगळी सूत्रं दिली. न्यू इंग्लंडने सुपर बोल जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारी २०१९ ला, त्यांचा डिफेन्स बघणारा ब्रायन फ्लोरेस हेड कोच म्हणून आणला.

ग्रिअरसमोर तेव्हा साधारण तीन रस्ते होते. रायन टॅनहिल हा आपला जुना क्यूबी ठेवून त्याच्याभोवती चांगली माणसं आणायची. किंवा टीम तशीच ठेवायची पण एखादा क्यूबी आवडला की वर ट्रेड करून उचलायचा, कॅन्सस सिटीने २०१७ ला केलं तसं, १२-४ ची टीम होती त्यांची, २७ व्या नंबरवरून दहाव्यावर गेले आणि पॅट्रिक महोम्स घेतला, एक सीझन बाकावर बसवला आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. नाहीतर तिसरा रस्ता, सगळं विकून टाका आणि वर्षभर मार खा. मायामीने तिसरा घेतला.

मार्चमध्ये टॅनहिल टेनेसीला गेला. त्याच्यासोबत सहाव्या राउंडचा पिकही द्यावा लागला आणि बदल्यात मिळाला २०२० चा चौथ्या राउंडचा आणि २०१९ चा सातव्या राउंडचा पिक, म्हणजे जवळजवळ भंगाराच्या भावात. त्याच्या जागी आणला रायन फिट्झपॅट्रिक, हार्वर्डवाला, दाढीवाला, अर्धी लीग फिरून आलेला. त्याच्यासोबत जॉश रोझन, २०१८ चा दहावा पिक, ज्याला ॲरिझोनाने एका वर्षात नको म्हटलं कारण त्यांना कायलर मरे मिळाला. रोझनसाठी मायामीने २०१९ चा दुसऱ्या राउंडचा पिक आणि वर २०२० चा पाचवा राउंड दिला. हा जुगार मला आजही चुकीचा वाटत नाही, टॉप दहामधला क्यूबी त्या भावात बघायला मिळत असेल तर बघावा. नाही चालला, तीन मॅच सुरुवातीपासून खेळवून बसवला.

मग टन्सिल. आणि सप्टेंबरमध्ये दोन मॅच झाल्यावर मिन्का फिट्झपॅट्रिक. हा सेफ्टी, म्हणजे डिफेन्समधला मागचा माणूस, २०१८ चाच ११ वा पिक, त्याला इथे राहायचं नव्हतं, त्याने ट्रेड मागितला आणि पिट्सबर्गने २०२० चा पहिल्या राउंडचा पिक देऊन नेला. तिथे गेल्यावर त्याच वर्षी ऑल प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या टीममध्ये निवड, झाला. आता बघा, रीबिल्डमध्ये जुनी, महाग, तिशी ओलांडलेली माणसं विकतात हे समजू शकतो. पण २२ वर्षांचा पोरगा, स्वस्त काँट्रॅक्टवर, अजून तीन वर्षं हातात, हा तर नवीन टीमचा पाया व्हायला हवा होता. पाया विकून वीट घ्यायची हा काय प्रकार.

सीझन सुरू झाला. बाल्टिमोरकडून ५९-१०, लमार जॅक्सनचे पाच टचडाउन पास. न्यू इंग्लंडकडून ४३-०. डॅलसकडून ३१-६. चार्जर्सकडून ३०-१०. चार मॅचमध्ये विरुद्ध १६३ पॉइंट आणि आपले २६. लोक बोलायला लागले की ही इतिहासातली सगळ्यात भिकार टीम आहे. सात मॅच झाल्या तेव्हा ०-७.

आणि इथून पुढे जे झालं तो या केसमधला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

टीम जिंकायला लागली! नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेट्सना २६-१८, कोण होता जेट्सचा कोच, तर मायामीनेच हाकललेला ॲडम गेस. मग कोल्ट्सना १६-१२. डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाला ३७-३१, त्यात एक अफाट ट्रिक प्ले, पंटर मॅट हाकने किकर जेसन सँडर्सला टचडाउन पास टाकला. शेवटच्या रविवारी न्यू इंग्लंडला त्यांच्याच घरी २७-२४. शेवट ५-११.

हे का झालं? कारण मॅनेजमेंट हरायचं ठरवू शकतं, मैदानावरचे लोक नाही ठरवू शकत. एनएफएलमध्ये बहुतेक काँट्रॅक्ट पूर्ण गॅरंटीड नसतात, तिथे खेळणारा पोरगा दर रविवारी स्वतःची पुढच्या वर्षीची नोकरी वाचवत असतो. पुढच्या एप्रिलला येणाऱ्या क्यूबीशी त्याला काय घेणंदेणं, तो येईल तेव्हा हा टीममध्ये असेलच कशावरून. कोचचंही तेच, फ्लोरेस पहिल्यांदा हेड कोच झालेला, त्याच्या नावापुढे ०-१६ लागलं तर दुसरी संधी कोण देणार त्याला. आणि रायन फिट्झपॅट्रिक हा तर असा माणूस की त्याला अर्धवट खेळताच येत नाही, वॉशिंग्टनविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये बाकावरून उठून आला आणि १७-३ मागे असलेली मॅच १७-१६ वर आणून ठेवली, शेवटचा दोन पॉइंटचा डाव जमला नाही म्हणून हरले. गंमत म्हणजे वॉशिंग्टनचे शेवटी तीनच विजय झाले आणि त्यांना दुसरा पिक मिळाला.

२२ डिसेंबरची सिनसिनाटी बेंगल्सविरुद्धची मॅच तर कोणी सिनेमात टाकली तर आपण म्हणू काहीतरीच. सिनसिनाटीची १-१३, मायामीची ३-११. मायामी चौथ्या क्वार्टरमध्ये ३५-१२ पुढे, बेंगल्स शेवटच्या क्षणी ३५-३५ करतात, ओव्हरटाइम, आणि मायामी फील्ड गोल मारून ३८-३५ जिंकते. त्याच निकालाने ड्राफ्टचा पहिला नंबर सिनसिनाटीच्या नावावर पक्का झाला.

आणि तोपर्यंत तो पहिला नंबर टुआचा राहिलाच नव्हता. २०१९ च्या उन्हाळ्यात जो बरो याचं नाव पहिल्या राउंडमध्ये कोणी फारसं घेत नव्हतं. त्याने एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) साठी त्या एका सीझनमध्ये ६० टचडाउन पास टाकले, हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम प्लेयरचं बक्षीस, घेतली, जानेवारीत नॅशनल चॅम्पियनशिप घेतली. तिकडे टुआचं १६ नोव्हेंबरला मिसिसिपी स्टेटविरुद्ध खुब्याचं हाड निखळलं, सोबत फ्रॅक्चर. म्हणजे ज्या पोरासाठी ऑगस्टमध्ये टीम मोडली त्याच्याबद्दल नोव्हेंबरमध्ये डॉक्टर काय म्हणतात ते बघायची वेळ आली आणि ज्याचं नाव कोणाच्या यादीत वर नव्हतं तो एक नंबर झाला. आठ महिन्यांत बाजार पूर्ण उलटा. कॉलेजमधल्या २१ वर्षांच्या मुलाचं नाव घेऊन व्यावसायिक टीमचा दोन वर्षांचा प्लॅन आखणं किती ठिसूळ आहे हे यापेक्षा स्पष्ट काय दिसणार.

२३ एप्रिल २०२०, करोनामुळे ड्राफ्ट ऑनलाइन, कमिशनर गुडेल आपल्या घराच्या तळघरात बसून नावं वाचतोय. बरो पहिला. मग वॉशिंग्टनने चेस यंग, डेट्रॉइटने जेफ ओकुडा, जायंट्सने अँड्र्यू थॉमस. पाचव्या नंबरला मायामी, टुआ. सहाव्याला चार्जर्स, जस्टिन हर्बर्ट.

आता इथे थांबा आणि एक गोष्ट बघा. चार्जर्सचं २०१९ चं रेकॉर्ड काय होतं? ५-११. मायामीचंही ५-११. कॅरोलायनाचंही ५-११, त्यांचा सातवा नंबर. सारखं रेकॉर्ड असलं की ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी कमी मॅच जिंकल्या त्याला वरचा नंबर, एवढ्यावर पाचवा सहावा ठरला. चार्जर्स २०१८ ला १२-४ होते, २०१९ ला फिलिप रिव्हर्सला घेऊन ते जिंकायलाच उतरले होते, कोणी विकलं नाही, काही मोडलं नाही, नशीब वाईट आणि दुखापती, बस. आणि त्यांना एक नंबर मागे उभं राहून हर्बर्ट मिळाला, जो त्या वर्षी ऑफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर (रुकी म्हणजे पहिल्या वर्षाचा प्लेयर) झाला. म्हणजे सगळं घर विकून मायामीला रांगेत किती फायदा झाला, तर एका नंबरचा. आणि त्या एका नंबरचा उपयोग त्यांनी टुआ निवडायला केला. (हर्बर्टवाल्यांनीही फार उडू नये, २०२४ चा सीझन संपेपर्यंत त्याच्या नावावर प्लेऑफचा एकही विजय नव्हता आणि जॅक्सनव्हिलविरुद्ध २७-० पुढे असताना हरलेली मॅच आहेच.)

मग रीबिल्ड फुकट गेला का? नाही, आणि इथेच माझं म्हणणं बहुतेक लोकांपेक्षा वेगळं आहे. हरण्याची कमाई आणि विकण्याची कमाई या दोन गोष्टी लोक एकत्र मोजतात, त्या वेगळ्या मोजायला हव्यात.

हरण्याची कमाई: पाचवा पिक, टुआ. एवढीच.

विकण्याची कमाई बघा. टन्सिलच्या बदल्यातला २०२० चा पिक २६ वा निघाला कारण ह्यूस्टन १०-६ गेली. मिन्काच्या बदल्यातला १८ वा, पिट्सबर्ग ८-८. हे दोन तसे मधले. १८ व्यावर मायामीने ऑस्टिन जॅक्सन घेतला, कोणत्या जागेसाठी, तर लेफ्ट टॅकल, जो ऑगस्टमध्ये विकला होता त्याचीच जागा भरायला. तिथे तो धडपडला, पुढे उजवीकडे गेला. २६ वा पिक ग्रीन बेला दिला आणि ३० व्यावर खाली आले, नोआ इग्बिनोगिनी घेतला जो फसला. ग्रीन बेने त्या २६ व्या पिकवर कोण घेतला माहितीये? जॉर्डन लव्ह. मायामीने स्वतःच्या हातातला एक क्यूबी दुसऱ्याला सोपवला, म्हणजे त्यांना तेव्हा नको होता हे खरं, पण तरी.

पण २०२१ मध्ये लॉटरी लागली. ह्यूस्टन २०२० ला कोसळली, चार मॅचमध्ये कोच काढला, ४-१२, आणि त्यांचा पिक, जो आता मायामीचा होता, तो तिसरा निघाला. मायामी स्वतः त्या वर्षी १०-६! म्हणजे दहा मॅच जिंकून हातात तिसरा नंबर. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्या तिसऱ्या नंबरसाठी आपला १२ वा, शिवाय २०२२ आणि २०२३ चे पहिल्या राउंडचे आणि वर एक तिसऱ्या राउंडचा पिक दिला. सॅन फ्रान्सिस्कोने त्यावर ट्रे लान्स घेतला, तो प्रकार कसा संपला ते वेगळं सांगायला नको, त्यांना खरा क्यूबी २०२२ ला सापडला तो ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा पिक, ब्रॉक पर्डी. मायामीने १२ वा आणि आपला २०२२ चा पहिला राउंड फिलाडेल्फियाला देऊन सहावा नंबर घेतला, जेलन वॉडल. सॅन फ्रान्सिस्कोचा २०२२ चा पिक रिसीव्हर टायरीक हिलच्या ट्रेडमध्ये कॅन्सस सिटीला गेला, २०२३ चा ब्रॅडली चबसाठी डेन्व्हरला. ह्यूस्टनचा दुसऱ्या राउंडचा पिक म्हणजे जेवॉन हॉलंड. २०२३ ला डेन्व्हरविरुद्ध ७०-२० करणारी जी टीम होती तिच्यात या एका टन्सिलच्या ट्रेडचे तुकडे सगळीकडे दिसतात.

ही कमाई मायामी हरली म्हणून नाही झाली. ती झाली कारण ह्यूस्टनला घाई होती, त्यांचा डीशॉन वॉटसन २०१८ मध्ये ६२ वेळा सॅक झाला होता, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला होता, त्याला वाचवायला कोणतीही किंमत द्यायची तयारी होती. आणि नंतर सॅन फ्रान्सिस्कोला घाई होती. दुसऱ्याच्या घाईवर पैसा होतो. तो ट्रेड मायामीने ८-८ खेळून केला असता तरी तेवढाच फळला असता.

टॅनहिलचं काय झालं तेही याच हिशोबात धरायला हवं. टेनेसी २-४ असताना त्याला ऑक्टोबरमध्ये खेळवलं, त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त पासर रेटिंग (क्यूबीच्या पासिंगचा गुणांक) त्याचं, कमबॅक प्लेयर ऑफ द इयर, जानेवारीत न्यू इंग्लंड आणि बाल्टिमोर दोघांना त्यांच्या घरी हरवून टीम कॉन्फरन्स फायनलला. तेव्हा टॅनहिल काही महोम्स होता असं माझं म्हणणं नाही, डेरिक हेन्रीसारखा पळणारा मागे असला की कोणाचंही काम सोपं होतं. पण हाच तर मुद्दा आहे ना. मायामीने सात वर्षं त्याला जी लाइन (पुढे उभं राहून क्यूबीला वाचवणारे) दिली, जे कोच दिले, त्यात वाईट कोण होता हे त्यांना कळलंच नव्हतं. क्यूबी बदलायच्या आधी क्यूबी वाईट आहे की त्याच्याभोवतीचं घर वाईट आहे हे तपासायला हवं, नाहीतर नवीन पोरगा त्याच पडक्या घरात येतो. टुआ तसाच आला. दुखापतीतून उठलेला मुलगा आणि पुढे नवखी लाइन. त्यात तो डावखुरा, म्हणजे त्याची आंधळी बाजू उजवीकडची, त्यामुळे सगळं लाइनचं गणित आणखी वेगळं.

रीबिल्डची जी किंमत पिक्समध्ये मोजता येत नाही ती फ्लोरेसने मोजली. २०२० ला १०-६, २०२१ ला ९-८, आणि १० जानेवारी २०२२ ला त्याला काढलं. १ फेब्रुवारीला त्याने लीगवर आणि टीम्सवर केस ठोकली, मुख्य मुद्दा ब्लॅक कोचेसशी होणारा भेदभाव, पण त्यात एक आरोप असाही की २०१९ मध्ये रॉसने त्याला प्रत्येक हरलेल्या मॅचमागे एक लाख डॉलर देऊ केले होते. रॉसने नाकारलं. लीगच्या चौकशीचा निकाल ऑगस्ट २०२२ मध्ये आला, त्यात म्हटलं की डॉल्फिन्स मुद्दाम हरले नाहीत आणि त्या लाख डॉलरच्या बोलण्याबद्दल लोकांच्या आठवणी वेगवेगळ्या आहेत, पण मालकाने विजयापेक्षा ड्राफ्टचा नंबर महत्त्वाचा अशा अर्थाचं बऱ्याचदा बोलून दाखवलं होतं. त्याच चौकशीत क्यूबी टॉम ब्रेडी आणि कोच शॉन पेटन यांच्याशी नियम मोडून केलेल्या गुपचूप बोलण्यांसाठी टीमचा २०२३ चा पहिल्या राउंडचा पिक जप्त, २०२४ चा तिसरा राउंड जप्त, रॉसला १५ लाख डॉलर दंड आणि काही काळाचं निलंबन. टुआ टीममध्ये असताना ब्रेडीशी बोलणी, म्हणजे ज्या पोरासाठी एवढं केलं त्याच्यावरही यांचा विश्वास नव्हता.

आणि खेळवतानाही तेच. रुकी वर्षात टुआ सुरुवात करायचा आणि मॅच हातची जायला लागली की फ्लोरेस फिट्झपॅट्रिकला पाठवायचा, डेन्व्हरला केलं, लास व्हेगासला केलं, तिथे जिंकलेही. निकालाच्या दृष्टीने बरोबर, पण मग हा रीबिल्ड कोणासाठी चाललाय तेच समजेना. २०२२ ला माइक मॅकडॅनियल कोच आला, हिल आला, तेव्हा टुआ खऱ्या अर्थाने दिसला, त्या वर्षी पासर रेटिंगमध्ये पहिला, २०२३ ला ४६२४ यार्डांसह लीगमध्ये पहिला. पण २०२२ मध्येच सिनसिनाटीत मैदानावर त्याची बोटं वाकडी झालेली सगळ्या जगाने पाहिली, डिसेंबरमध्ये पुन्हा डोक्याला मार, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा. प्लेऑफमध्ये जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीच्या जीवघेण्या थंडीत २६-७. २००० नंतरचा प्लेऑफ विजय अजून नाहीच.

मग माझं उत्तर काय. २०१९ च्या जानेवारीत मी ग्रिअरच्या जागी असतो तर विकायला बसलो असतो का, हो, बसलो असतो. टन्सिलचा ट्रेड आज समोर आला तरी करावा, तेवढी किंमत दिल्यावर नाही म्हणणं मूर्खपणा आहे. मिन्का विकला नसता, नाराज असला तरी समजूत काढली असती. टॅनहिल एक वर्ष ठेवला असता, नाहीतरी पुढचा क्यूबी येईपर्यंत कोणीतरी लागणारच होतं. आणि पिक्सची गंगाजळी हातात ठेवून क्यूबीची वाट पाहिली असती, २०२० ला नाही तर २०२१ ला, आणि आवडला की तेव्हा वर उडी. त्याच २०२० च्या ड्राफ्टमध्ये जेलन हर्ट्स ५३ व्या नंबरला फिलाडेल्फियाला मिळाला, ज्याला अलाबामात टुआने २०१८ च्या जानेवारीतल्या फायनलमध्ये अर्ध्या मॅचनंतर बाकावर बसवलं होतं. मायामीने त्याच्याआधी चार पिक वापरले होते. हर्ट्स फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला, तीही कॅन्सस सिटीला ४०-२२ धुऊन. फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी टीम मोडली नव्हती, उलट लीगमधली सगळ्यात चांगली लाइन आधीच बांधून ठेवली होती.

कोणी म्हणेल कोल्ट्सनी २०११ ला २-१४ जाऊन अँड्र्यू लक मिळवला ना. मिळवला, आणि त्याच्यासमोर वर्षानुवर्षं लाइन उभी केली नाही, तो मार खात राहिला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये २९ व्या वर्षी रिटायर झाला, मायामी टन्सिल विकत होती त्याच्या आठवडाभर आधी. जेट्स २०२० ला ०-१३ होते, ट्रेव्हर लॉरेन्स जवळजवळ खिशात, आणि मग दोन मॅच जिंकून बसले, लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला, यांना दुसऱ्या नंबरला झॅक विल्सन.

शेवटचा सापळा मात्र लोक विसरतात, तो काँट्रॅक्टचा. ज्याच्या नावावर एवढं मोडलं त्याला चौथ्या पाचव्या वर्षी नाही म्हणायची हिंमत कोणात असते. जुलै २०२४ मध्ये मायामीने टुआला चार वर्षांचे २१ कोटी २४ लाख डॉलर दिले. स्वस्त क्यूबीची जी फट होती, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तिथे बंद झाली आणि त्या स्वस्त वर्षांत त्यांनी प्लेऑफची एक मॅच जिंकलेली नव्हती. २०२४ ला ८-९. ३१ ऑक्टोबर २०२५ ला ग्रिअर टीम सोडून गेला. डिसेंबरमध्ये टुआला बाकावर बसवलं आणि सातव्या राउंडचा रुकी क्विन युअर्स खेळायला उतरला. बॅकअप म्हणून झॅक विल्सन टीममध्ये होता, त्यालाही ओलांडून.